रात्रीचे ऊन

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले आणि बघता बघता ती देशाची बातमी झाली. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली होती. नागपूरने तिच्यावर कडी केली, असाच एकूण सूर होता. मग हवामान विभागाने तपासणी केली. सेन्सर बिघडलेला निघाला. शहरातल्या ज्या केंद्रांची यंत्रे ठीक होती, तिथे पारा ४४ अंशांच्या आसपास होता. दिल्लीचा आकडाही सुमारे तीन अंशांनी फुगलेला ठरला. ५६ अंश खोटे निघाल्यावर लोकांनी सुस्कारा सोडला आणि विषय मिटला. ४४ अंशांत माणसे मरतात, हे मात्र त्या सगळ्या गदारोळात कुणाला बोलावेसे वाटले नाही. विदर्भाच्या उन्हाळ्याची बातमी ही अशी शर्यतीसारखी वाचली जाते. आज राज्यात पहिले कोण, चंद्रपूर की ब्रह्मपुरी, अकोला की नागपूर? २३ मे २०१३ ला नागपूर ४७.९ अंशांवर पोचले होते. तो विक्रम कधी मोडणार, याकडे दर मे महिन्यात डोळे लागलेले असतात.

हा आकडा येतो कुठून, हे आधी पाहायला हवे. शहराचे अधिकृत तापमान मोजले जाते ते सोनेगावच्या विमानतळ परिसरात. भोवती मोकळी जागा, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, हवा खेळती राहील अशी झडपा असलेली पांढरी लाकडी पेटी, आणि तिच्या आत तापमापक. म्हणजे हे सावलीतले तापमान, आणि तेही मोकळ्या, वाहत्या हवेतले. शास्त्राच्या दृष्टीने ते तसेच असायला हवे, नाहीतर नागपूरची तुलना जैसलमेरशी किंवा आजच्या नागपूरची १९५० च्या नागपूरशी करता येणार नाही. पण त्या पेटीत कुणी राहत नाही. टिनाच्या छपराखाली दुपारी किती होते, वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री दहाला किती असते, सीताबर्डीच्या फुटपाथवर हातगाडी लावून उभ्या माणसाच्या अंगावर ऊन, भिंत आणि रस्ता मिळून किती उष्णता टाकतात, हे त्या पेटीला विचारून कळणार नाही. हवामान विभागाची उष्णतेच्या लाटेची व्याख्याही मुख्यतः याच दुपारच्या आकड्यावर उभी आहे. मैदानी भागात कमाल तापमान ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, किंवा थेट ४५ गाठले असेल, तर लाट. ४७ म्हणजे तीव्र लाट. रात्र गरम असण्याचीही एक व्याख्या विभागाकडे आहे, पण वर्तमानपत्राच्या पहिल्या पानापर्यंत ती क्वचितच पोचते.

उन्हाविषयी लोकांमध्ये जागरूकता नाही, असे दरवर्षी म्हटले जाते. नागपूरबाबत हे विधान मला मुळातच चुकीचे वाटते. ज्या बोलीत ‘तपून राहिलं’ या दोन शब्दांत पूर्ण हवामानवृत्त सांगता येते, त्या गावाला उन्हाचे शिक्षण काय द्यायचे? तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय एप्रिलनंतर दुचाकी काढायची नाही, खिशात कांदा ठेवायचा (त्याचा उपयोग होतो की नाही हा भाग वेगळा), बाहेरून आल्याबरोबर गटागटा पाणी प्यायचे नाही, कैरीचे पन्हे, ताक, उसाचा रस, मार्चमध्येच कूलर उतरवून त्याच्या ताट्या बदलायच्या. सूर्य रोहिणीत गेला की २५ मेपासून नवतपा, आणि त्या नऊ दिवसांत लग्नाची तारीख धरली तर पाहुणे नावे ठेवणार. ‘ऊन लागणे’ हा आजार आहे आणि त्याने माणूस जातो, हे इथे शाळकरी पोराला ठाऊक असते. या शहराला ऊन कळते. कळत नाही ती उष्णता, जी सूर्य मावळल्यावर शहर स्वतः ओतत राहते. आणि आपल्या सगळ्या जनजागृतीचा रोख पहिल्या गोष्टीवर आहे, जी लोकांना आधीच माहीत आहे. दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचे तर ते नागरिकांशी बोलून भागत नाही, म्हणून बहुधा ती राहून जाते.

शहर तापले की दोष सिमेंटला द्यायचा, ही आता सवय झाली आहे. त्यात तथ्य आहे, पण ते आपण समजतो तिथे नाही. आयआयटी मुंबईतील हितेश्री शास्त्री, सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातल्या ८४ शहरांचे उपग्रहांनी टिपलेले भूपृष्ठ-तापमान पाहिले. उन्हाळ्यात दुपारी बहुतेक शहरांची जमीन भोवतालच्या ग्रामीण भागापेक्षा कमी तापलेली आढळली. कारण साधे आहे. एप्रिल-मेमध्ये शिवार उघडे पडलेले असते, पीक निघून गेलेले, मातीत ओल नाही; त्यापेक्षा शहरात झाडे, बागा, घरांच्या सावल्या जास्त. रात्री मात्र चित्र पालटते आणि शहर गावापेक्षा गरम राहते. हा शोध तसा जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषधे बनवणाऱ्या माणसाने हौसेपोटी लंडनच्या आत आणि बाहेर तापमापक ठेवून वर्षानुवर्षे नोंदी केल्या. १८१८ पासून छापून आलेल्या त्याच्या ग्रंथात निष्कर्ष आहे, की शहर रात्री सुमारे ३.७ अंश फॅरनहाइटने उबदार असते आणि दिवसा किंचित थंडच. लंडनची ओली थंडी कुठे आणि विदर्भाचा वैशाख कुठे! पण दगड-विटांचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच. आयआयटी भुवनेश्वरच्या सौम्य सत्यकांत सेठी आणि व्ही. विनोज यांनी २०२४ मध्ये १४१ भारतीय शहरांच्या रात्रींचा हिशेब मांडला. २००३ ते २०२० या काळात शहरांतल्या रात्री दर दशकाला सरासरी अर्ध्या अंशाहून थोड्या अधिक वेगाने तापत गेल्या, आणि आसपासच्या ग्रामीण भागाच्या तुलनेत शहरीकरणाने हा वेग सुमारे ६० टक्क्यांनी वाढवला. दुपारच्या पाऱ्यासाठी आपण सूर्याला आणि जगाच्या हवामानबदलाला जबाबदार धरू शकतो. रात्रीच्या पाऱ्यात मात्र महापालिकेचा, नगररचना खात्याचा, बिल्डरचा आणि आपल्या स्लॅबचा वाटा आहे.

या स्लॅबकडे जरा नीट पाहू. चार-पाच इंचांचा काँक्रीटचा थर दिवसभर आकाशाकडे तोंड करून पडलेला असतो. दुपारी त्याचा वरचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. ती उष्णता थरातून खाली सरकायला तीन-चार तास लागतात, म्हणजे खोलीच्या छताला ती पोचते तेव्हा संध्याकाळ झालेली असते. बाहेर वारा सुटतो, वर्तमानपत्राच्या हिशेबाने दिवस संपतो, आणि घरातले छत तेव्हा तव्यासारखे काम सुरू करते. महाल भागातल्या जुन्या वाड्याची दीड-दोन फुटी मातीची भिंत हीच उष्णता बारा तासांच्या आसपास अडवून धरते. ती आत पोचेपर्यंत पहाट होते आणि पहाटेची गार हवा तिची परतफेड करते. टिनाच्या छपराचे गणित तिसरेच. ते काही साठवत नाही, दुपारी आग ओकते आणि सूर्य मावळला की लवकर निवते. पण त्याखाली दुपार काढणाऱ्याला हे सांत्वन पुरेसे नाही. आता प्रश्न असा, की या तिन्ही घरांतल्या माणसांना आपण एकच सूचना देतो: दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. टिनाखाली राहणाऱ्या बाईला ही सूचना म्हणजे भट्टीतून बाहेर येऊ नको असे सांगण्यासारखे आहे. या सूचनेपेक्षा तिच्या वस्तीतल्या कडुनिंबाखाली बसलेली म्हातारी माणसे शहाणी म्हणायची.

रात्रीला एवढे महत्त्व का, हे शरीराच्या बाजूनेही समजून घ्यायला हवे. दिवसा शरीर उष्णतेशी झगडते ते दोन वाटांनी. रक्त त्वचेकडे ढकलायचे आणि घाम काढायचा. हृदय त्यासाठी जादा काम करते. कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो, म्हणून अंग फारसे ओले दिसत नाही आणि किती पाणी गेले याचा माणसाला पत्ताच लागत नाही. मुंबईकर घामाने निथळतो आणि वैतागतो, नागपूरकर न भिजताच सुकतो. ही झीज भरून निघण्याची वेळ म्हणजे रात्र. खोली थंड झाली नाही तर हृदयाला सुटी मिळत नाही, झोप तुटते, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस कालची थकबाकी घेऊन उन्हात उतरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो कोसळतो तेव्हा आपण त्या दिवसाचा पारा पाहतो, आधीच्या रात्रींचा कुणी विचारत नाही. वय झालेल्यांची तहानेची जाणीव मंदावलेली असते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याचे पाणी आणखी वेगाने कमी होते. यांतले कित्येक जण उन्हात जातच नाहीत. ते घरातच, अंथरुणावर, हृदयविकाराने किंवा मूत्रपिंड निकामी होऊन जातात, आणि मृत्यूच्या दाखल्यावर उन्हाचे नाव येत नाही.

इथे एक आक्षेप ठरलेला असतो. आमच्या आजोबांनी हेच ऊन पंख्याविना काढले, आताच्यांना सगळेच सोसवेना झाले आहे. आजोबांचे कौतुक जरूर करावे, पण त्यांच्याकडे जे होते ते आज त्यांच्या नातवाकडे नाही, आणि ते म्हणजे गार रात्र. कोरड्या प्रदेशाला निसर्गाने दिलेली एकच सवलत असते: हवेत बाष्प नसल्याने, आकाश निरभ्र असल्याने, जमीन दिवसभराची उष्णता रात्री भराभर आकाशाकडे सोडून देते. म्हणून दुपार आणि पहाट यांच्यात पंधरा-पंधरा अंशांचे अंतर पडते, जे मुंबईला कधी मिळत नाही. आजोबा अंगणात किंवा गच्चीवर सडा मारून, खाट टाकून झोपत. त्यांचे घर रात्री तापलेले असो नसो, ते घरात नव्हतेच. आज पाच मजली इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने कुठे झोपायचे? गच्चीला सोसायटीचे कुलूप, गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि सोलरचे पत्रे, खाली पार्किंग. झोपडपट्टीत रस्त्यावर खाट टाकता येते, पण डास आहेत, डेंग्यू आहे, आणि तरण्या मुलींना बाहेर झोपवायला कोण धजेल? खिडक्यासुद्धा चोरांच्या आणि डासांच्या भीतीने बंद. रात्रीचे आभाळ गेले, आणि ते गेल्याचे कुणी नोंदवले नाही, कारण ते सोसणाऱ्यांनी एकेकट्याने, आपापल्या खोलीत सोसले.

अहमदाबादचे उदाहरण या चर्चेत नेहमी दिले जाते आणि द्यायलाच हवे, फक्त त्यातून काय शिकायचे याबद्दल गल्लत होते. २१ मे २०१० रोजी तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. एरवी दिवसाला शंभराच्या आसपास मृत्यू नोंदवणाऱ्या त्या शहरात त्या एका दिवशी तीनशेच्या वर मृत्यूंची नोंद झाली. पुढे गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेचे दिलीप मावळंकर आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी महापालिकेच्या मृत्यू-नोंदी तपासल्या, तेव्हा त्या मे महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे दिसले, म्हणजे ४३ टक्के वाढ. हा आकडा कुठल्याही डॉक्टरच्या ‘उष्माघात’ या निदानातून निघाला नव्हता. नुसती वजाबाकी केली आणि तो समोर आला. त्या धक्क्यातून २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा तयार झाला. तापमानानुसार पिवळा, नारिंगी, लाल इशारा, रुग्णालयांची तयारी, पाणपोया, बागा दिवसभर उघड्या. नंतरच्या एका अभ्यासाने अंदाज केला, की या आराखड्याने वर्षाला अकराशेच्या वर मृत्यू टळले असावेत. पण मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते ती एका रुग्णालयाची गोष्ट. शारदाबेन रुग्णालयात २०१० च्या त्या उन्हाळ्यात उष्णतेने आजारी पडून नवजात बाळे अतिदक्षता विभागात येऊ लागली. पाहणी केली तर प्रसूतीचा वॉर्ड सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवला. पुढच्या अभ्यासात ४२ अंशांनंतर प्रत्येक अंशामागे अशी भरती ४३ टक्क्यांनी वाढते आणि वॉर्ड खाली आणल्याने ती ६४ टक्क्यांनी घटली, असे आढळले. त्या बाळांच्या आयांचे कुणी प्रबोधन केले नव्हते. जागे व्हायचे होते ते वॉर्ड कुठे ठेवायचा हे ठरवणाऱ्याने, आणि तो झाला.

यावर कुणी म्हणेल, की मग पोस्टर, रेडिओ, मोबाइलवरचे संदेश हे सगळे व्यर्थच का? तसे नाही. ओआरएसची पुडी केव्हा घ्यायची, बडबडू लागलेल्या, अंग तापलेल्या माणसाला आधी पाण्याने भिजवायचे आणि मग दवाखान्यात न्यायचे, ही माहिती जीव वाचवते आणि ती वारंवार सांगितलीच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच आहे, की सूचना पाळण्याची सत्ता ज्याच्या हाती नाही, त्यालाच सूचना दिली जाते. ‘भरपूर पाणी प्या’ हे वाक्य ज्याने लिहिले त्याच्या कार्यालयात शौचालय आहे. बाजारात भाजी विकणारी, रस्त्याच्या कामावर खडी उचलणारी बाई सकाळपासून मुद्दाम पाणी टाळते, कारण जायचे कुठे? ‘दुपारी बाहेर पडू नका’ हे खाण्याच्या ऑर्डरी पोचवणाऱ्या पोराला सांगून काय उपयोग, जेव्हा बाहेर न पडणारे बाकीचे सगळे त्याच वेळी ऑर्डर देतात? एप्रिल २०२४ मध्ये पुसदच्या प्रचारसभेत व्यासपीठावर बोलताना नितीन गडकरी यांना भोवळ आली. उकाड्याने अस्वस्थ वाटल्याचे त्यांनीच मग जाहीर केले. जन्माने नागपूरकर, विदर्भाचे ऊन अंगाने ओळखणारा माणूस, दिमतीला डॉक्टर. तरीही निवडणुकीच्या वेळापत्रकापुढे त्यांच्या ज्ञानाचे काही चालले नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो लोक उघड्या मैदानात भर दुपारपर्यंत बसले आणि १४ जण दगावले. पारा ३८ च्या आसपास होता. विदर्भात या आकड्याला कुणी उन्हाळासुद्धा म्हणणार नाही. समुद्राकाठची दमट हवा, मंडप नाही, आणि बाहेर पडायचे म्हटले तरी गर्दीतून वाट नाही. त्या मैदानातल्या कुणाला ऊन लागते हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? वेळ आणि जागा त्यांनी ठरवली नव्हती. २०२४ मध्ये राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातल्या ‘सेवा’ या स्वयंरोजगार महिला संघटनेच्या सुमारे पन्नास हजार सदस्यांसाठी उष्णतेशी जोडलेली एक योजना चालली. पारा ठरलेल्या मर्यादेपुढे गेला, आणि त्यांतल्या बहुतेकींना चारशे रुपये मिळाले. चारशे रुपयांनी उन्हाळा सरत नाही. पण एक दिवस काम बुडवण्याची मुभा मिळते, आणि ‘घरात थांबा’ या सल्ल्याला पहिल्यांदा काही अर्थ येतो.

जागरूकता मोजायची असेल तर लोकांना प्रश्नावली देण्याआधी सरकारी वह्या उघडाव्यात. २०१५ ते २०२२ या आठ वर्षांत देशात उष्णतेने किती माणसे गेली? राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा आकडा ३,८१२. हवामान विभागाचा ३,४३६. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा ८,१७१. एकाच देशाची तीन खाती, तीन उत्तरे, आणि अहमदाबादच्या एका महिन्याच्या १,३४४ या आकड्याशेजारी ठेवली तर तिन्ही उत्तरे हास्यास्पद वाटावीत अशी. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात वसलेले फीनिक्स आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत शहर. २०२३ मध्ये ३० जूनपासून तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर राहिला. ते ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे तिने त्या वर्षी उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदवले. हे आपल्यापेक्षा तिथे लोक जास्त मरतात म्हणून नव्हे. तिथे संशयास्पद मृत्यूची वैद्यकीय चौकशी होते, खोलीचे तापमान पाहिले जाते, एसी चालू होता का हे लिहिले जाते. त्यातून कळले की सुमारे चौथा हिस्सा माणसे घरातच गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांकडे एसी होता, पण बंद पडलेला किंवा बंद ठेवलेला. नागपूर महापालिकेकडेही जन्म-मृत्यूचे रजिस्टर आहे. मे महिन्यातल्या प्रत्येक दिवसाचा प्रभागनिहाय एकूण मृत्यूंचा आकडा, शेजारी मागच्या पाच वर्षांची त्याच दिवसाची सरासरी आणि आदल्या रात्रीचे किमान तापमान, एवढे एक कोष्टक दर आठवड्याला प्रसिद्ध करायला कुठल्याही परदेशी निधीची गरज नाही. ते वाचून नागरिकाला जे कळेल ते शंभर होर्डिंगांनी कळणार नाही. ते छापायला धैर्य लागते, हे मात्र खरे.

‘एसी आला की प्रश्न मिटला’ हा दुसरा आक्षेप, आणि तो मध्यमवर्गाच्या घरात बोलला जात नाही, थेट हप्त्यावर विकत घेतला जातो. एसी खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही, ती गल्लीत टाकतो. फीनिक्सवर २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात आढळले, की एसींनी बाहेर फेकलेल्या उष्णतेमुळे काही भागांत रात्रीची हवा एक अंशाहून जास्त तापते. म्हणजे ज्याच्याकडे एसी आहे तो आपली रात्र विकत घेतो, आणि तिची किंमत शेजारची टिनाची खोली भरते. तरीही म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी कुणी एसी घेतला तर त्याला दोष देण्याइतका मी साधनशुचितेचा भोक्ता नाही. बाकीच्या नागपूरची भिस्त कूलरवर. कोरड्या हवेसाठी त्याच्यासारखे स्वस्त आणि हुशार यंत्र नाही. हवा ४४ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर पाणी बाष्प होता होता ती हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. घरातल्या कूलरने २७-२८ मिळाले तरी बादशाही. पण त्याला पाणी लागते, रोज दोन-चार बादल्या, जिथे नळाला धार नाही तिथेही. आणि लोखंडी पेटीत पाणी आणि वीज एकत्र आल्यावर जे व्हायचे तेही होते. कूलरचा शॉक लागून माणसे गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात आणि महावितरण दरवर्षी सावधगिरीच्या सूचना काढते. उष्णतेचे बळी मोजताना हे कुठल्या रकान्यात धरायचे?

झाडांबद्दल वेगळे सांगायला नको, नागपूरकर झाडांसाठी भांडतात. अजनी वनातली झाडे वाचवण्यासाठी ते रस्त्यावर उतरले होते. दुपारी सावलीइतका तातडीचा उपाय नाही, आणि सिमेंटचे रस्ते करताना बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतून झाडाचा गळा आवळण्याला कसलेच समर्थन नाही. या सिमेंट रस्त्यांची एक गंमत आहे. डांबरापेक्षा ते उन्हाला जास्त परत फेकतात, म्हणून दुपारपुरते त्यांचे समर्थक बरोबर असतात. पण त्यांची जाडी मोठी, पोटात उष्णता भरपूर राहते आणि ती रात्री बाहेर पडते, म्हणून रात्री त्यांचे टीकाकार बरोबर असतात. नवे झाड मात्र सावली द्यायला दहा वर्षे घेते आणि ती दहाही वर्षे उन्हाळ्यात पाणी मागते. छप्पर आज दुपारी पांढरे होते. चुना किंवा पांढरा रंग मारलेल्या छताखालची खोली दोन ते पाच अंशांनी उतरते, हे आता ठिकठिकाणी मोजून झाले आहे. अहमदाबादने २०१७ मध्ये काही हजार छपरांपासून सुरुवात केली; तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले, काही प्रकारच्या नव्या इमारतींना ते बंधनकारक करत. पण पांढऱ्या रंगाचीही भक्ती नको. फीनिक्सने रस्त्यांना उन्हे परतवणारा लेप दिला. रस्ता दुपारी पाच-सहा अंशांनी थंड झाला खरा, पण परतलेले ऊन चालणाऱ्याच्या अंगावर येऊन त्यालाच जास्त भाजू लागले. छतावर कुणी चालत नसते, म्हणून तिथे तो रंग निर्धोक.

हे सगळे लिहिलेले आराखडे आपल्याकडे आहेत. नागपूरने गांधीनगरच्या त्याच सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या मदतीने २०१६ मध्ये आपला आराखडा केला, महाराष्ट्रात सर्वांत आधी करणाऱ्या शहरांत ते होते. अडचण आराखड्यांच्या पोटात आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने २०२३ मध्ये १८ राज्यांतले ३७ आराखडे वाचून काढले. स्वतःच्या गावापुरती तापमानाची मर्यादा ठरवलेले जेमतेम दहा. सर्वांत जास्त झळ कुणाला बसते याची रीतसर पाहणी केलेले दोन. पैसा कुठून येणार याचा उल्लेख असलेले अकरा, आणि त्यांतल्याही आठांत ‘संबंधित खात्यांनी आपापली तरतूद करावी’ असा मोघम मजकूर. सरकारी मराठीत याला कार्यवाहीस्तव रवाना म्हणतात. वास्तविक, जे कळते ते नियमात उतरवण्याची एक जुनी सोय विदर्भाकडे आहे. इथल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर आठ-पंधरा दिवसांनी उघडतात. कुणाही पालकाचे प्रबोधन न करता लाखो मुलांची उन्हातली पायपीट त्या एका तारखेने वाचते. पण २०२५ मध्ये राज्यभर एकच परीक्षा-वेळापत्रक निघाले आणि २५ एप्रिलपर्यंत पेपर लांबले. विदर्भातल्या शिक्षकांनी हरकत घेतली, कारण पुण्याच्या एप्रिलवरून चंद्रपूरचा एप्रिल ठरवता येत नाही. सोनेगावच्या पेटीतला आकडा तर पुण्यातही रोज दिसतो.

मृगाच्या सुमाराला वळीव येतो. मातीचा वास सुटतो, पारा ४४ वरून ३८ वर उतरतो, आणि शहर म्हणते सुटलो. उष्णतेच्या लाटेचे निकष संपतात, नकाशावरचा नागपूरचा रंग हिरवा होतो. हवेतली आर्द्रता मात्र पंधरा टक्क्यांवरून पंचावन्नवर गेलेली असते. त्या हवेला कितीही भिजवले तरी ती तीस अंशांच्या खाली उतरू शकत नाही. कूलर आता फक्त दमट वारा फिरवतो, घाम वाळत नाही, आणि ढगांनी झाकलेले आकाश जमिनीची उष्णता घ्यायला तयार नसते. स्लॅब अजून तापलेलाच असतो. पुढचे आठ-दहा दिवस, खरा पाऊस लागेपर्यंत, वरच्या मजल्यावरची म्हातारी रात्री दीडला उठून दाराशी बसते. त्या दिवसांसाठी लाटेचा इशारा निघत नाही.